व्हायरल लोड ‘निगेटिव्ह’ नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘त्याचा एचआयव्ही निगेटिव्ह झाला’ हे वाक्य आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्रास कानावर येते. रुग्ण म्हणतात, नातलग म्हणतात, अधूनमधून छापूनही येते. वाक्य चुकीचे आहे आणि ते खरे मानणारा माणूस गोळ्या बंद करतो. ‘गोळ्या नियमित घ्या’ एवढे सांगून भागत नाही. का घ्यायच्या हे कळले, तर माणूस घेतो. म्हणून हे पत्र लांबले आहे. शक्य तर कापू नये, ही विनंती.

गल्लत दोन तपासण्यांची आहे. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, होणारी तपासणी मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती एकदा पॉझिटिव्ह आली की उपचार कितीही उत्तम चालला, तरी बहुतेकांची आयुष्यभर तशीच राहते. (जन्मल्या जन्मल्या औषध सुरू झालेल्या काही बाळांत प्रतिपिंडे पुढे सापडत नाहीत आणि घरचे निर्धास्त होतात. विषाणू तिथेही असतो.) दुसरी तपासणी व्हायरल लोडची. एक मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, विषाणूच्या आरएनएच्या (त्याच्या जनुकीय मजकुराच्या) किती प्रती आहेत, हे ती मोजते. यंत्रानुसार २० ते ४० प्रतींच्या खाली तिला नेमका आकडा देता येत नाही आणि मग कागदावर ‘२० पेक्षा कमी’ अशी नोंद किंवा ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ उमटते. याचे मराठी ‘सापडला नाही’ इतकेच. संशोधनातल्या अतिसूक्ष्म तपासण्यांत अशाच रुग्णांच्या रक्तात मिलिलिटरमागे एक ते तीन प्रती मिळतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा असतो. मिलिलिटरमागे एकच प्रत धरली तरी तीन हजार झाल्या. शिवाय रक्त म्हणजे नुसता हमरस्ता. लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींपैकी शंभरातल्या दोनेक एका वेळी रक्तात असतात, बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर अशा आपापल्या वाड्यांवर. दंडातून काढलेल्या नळीभर रक्ताने त्यांची खानेसुमारी होत नाही.

आता गोळी नेमके काय करते ते पाहू. सरकारी केंद्रांतून बहुतेक प्रौढांना टीएलडी मिळते : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. विषाणू सीडी-४ पेशीत (ही प्रतिकारशक्ती हाकणारी लिम्फोसाइटच) शिरला की प्रथम स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या साखळीत खोटी कडी होऊन बसतात. पुढची कडी जोडता येत नाही. यातूनही डीएनए तयार झालाच, तर तो पेशीच्या केंद्रकात जाऊन तिच्या डीएनएत शिवला जातो. ही शिवण घालणारे विकर, म्हणजे इंटिग्रेज, डोलुटेग्राविर अडवते. म्हणजे तिन्ही औषधांचे काम शिवण पडण्याच्या आधीचे. एकदा ती पडली की विषाणूचा मजकूर, ज्याला प्रोव्हायरस म्हणतात, त्या पेशीच्या स्वतःच्या जनुकांचा भाग होतो आणि यांतले एकही औषध त्याला हात लावू शकत नाही. दुसऱ्या फळीतली प्रोटीएज रोखणारी औषधे पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंना अपरिपक्व ठेवतात. प्रोव्हायरस त्यांच्याही आवाक्याबाहेरच.

खारभूमीचा बांध घाला, समुद्र काही आटत नाही. भरतीचे पाणी भातखाचरात शिरत नाही, इतकाच त्याचा उपयोग, आणि तो थोडा नाही. एआरटी, म्हणजे या औषधांचा एकत्रित उपचार, हा तसा बांध आहे. त्याच्या आडोशाने नव्या सीडी-४ पेशी वाचतात, संख्या वाढते, माणूस कामाला लागतो.

मग व्हायरल लोड इतक्या झपाट्याने का उतरतो? विषाणू तयार करण्यात गुंतलेली पेशी एक-दोन दिवसांत मरते आणि रक्तातला सुटा विषाणू काही तासांत नाहीसा होतो. नव्या पेशी बाधित होणे थांबले की लाखांतला आकडा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सापडण्याच्या मर्यादेखाली जातो. हा उतार पाहून शास्त्रज्ञही हुरळले होते. १९९६ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि दुसऱ्या वर्षी डेव्हिड हो यांच्या गटाने हिशेब मांडला की औषध अखंड चालले, तर सव्वादोन ते तीन वर्षांत विषाणू संपू शकेल. पण आणखी कुठे दडलेला साठा नसेल तर, अशी अट त्यांनीच घातली होती. त्याच वर्षी, १९९७ मध्ये, रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेसह तीन गटांनी तो साठा दाखवून दिला : व्हायरल लोड न सापडणाऱ्या रुग्णांच्या विश्रांत सीडी-४ पेशी काढून प्रयोगशाळेत चेतवल्या, तेव्हा त्यांतून जिवंत, संसर्गक्षम विषाणू बाहेर आला.

या विश्रांत पेशी म्हणजे शरीराची स्मरणशक्ती. बालपणी झालेल्या आजाराची किंवा टोचलेल्या लशीची आठवण वर्षानुवर्षे ठेवणे हेच त्यांचे काम, म्हणून त्या दीर्घायुषी असतात. चेतलेल्या पेशीला विषाणूची बाधा झाली आणि मरण्याआधीच ती विश्रांतीत गेली, तर प्रोव्हायरसही तिच्यासोबत निजतो. विषाणूची प्रथिने तयार होत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती पेशी ओळखू येत नाही आणि औषधाला अडवायला काही हालचालच नसते. आपला कातळसडा वैशाखात पाहा : करपलेला, रिकामा. त्याच कातळाच्या खाचांत बी पडून असते आणि मृगाच्या सरी आल्या की पंधरवड्यात सडा हिरवा होतो. इथे तीच गत, फक्त पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही.

दहा लाख विश्रांत सीडी-४ पेशींत सुमारे एकच अशी असते जिच्यातून पुन्हा पूर्ण विषाणू उभा राहू शकतो. साऱ्या शरीराचा हिशेब केला तर अशा पेशी दहा लाखांच्या घरात भरतात. हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात असे मोजले गेले. दहा लाखांचा एक व्हायला वीस वेळा निम्मे करावे लागते. वीस गुणिले ४४, म्हणजे ८८० महिने, म्हणजे ७३ वर्षे. ‘आणखी किती वर्षे गोळ्या?’ या प्रश्नाचे उत्तर या गुणाकारात आहे. आणि हाही हिशेब उदारच म्हणायचा. वीस वर्षांहून अधिक काळ उपचारावर असलेल्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात साठा घटणे थांबलेले, उलट किंचित वाढतानाही दिसले.

वाढतो कसा, जर गोळी नवी लागण होऊ देत नाही? पेशी दुभंगून. स्मृतिपेशी अधूनमधून स्वतःच्या प्रती काढतात आणि प्रत काढताना डीएनएतला प्रोव्हायरसही जसाच्या तसा उतरतो. यात विषाणूचे कोणतेच विकर वापरले जात नाही, मग गोळी अडवणार काय? उपचारावर असलेल्या रुग्णांना चौथे औषध जोडून पाहण्याचे प्रयोगही झाले. रक्तातला तो एक-दोन प्रतींचा अंश त्याने हलला नाही. तेव्हा ‘डॉक्टर, जरा जास्त पॉवरची गोळी द्या’ या आर्जवाला अर्थ नाही.

यात एक गुंता आहे. पेशींत सापडणाऱ्या प्रोव्हायरसपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मोडकेच असतात. कुठे तुकडा गळालेला, कुठे मजकूर बिघडलेला. त्यांतून पूर्ण विषाणू तयार होत नाही. त्यामुळे खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजून ‘डीएनए पीसीआर’ (पेशींतला प्रोव्हायरस शोधणारी तपासणी) करून घेणाऱ्या मोठ्या माणसाला त्या कागदावरून साठा किती, हे कळत नाही; मोडके आणि धडके एकाच मापाने मोजले जातात. मोडके काही अगदी निरुपद्रवी नसतात. त्यांतल्या काहींपासून विषाणूचे अर्धवट आरएनए, प्रथिनांचे तुकडे निघत राहतात आणि प्रतिकारशक्ती सदा थोडी तापलेली राहण्यात त्यांचाही वाटा असावा असे मानतात. या तापलेपणामुळे, लोड सापडत नसतानाही, हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची चौकशी म्हणून एआरटी केंद्रात केली जाते. ती टाळू नये.

साठा बसतो कधी? लागण झाल्यावर काही दिवसांतच. माकडांतल्या विषाणूवर तिसऱ्याच दिवशी औषध सुरू करून पाहिले. रक्तात विषाणू सापडण्याआधीच औषध चालू झाले होते, तरी थांबवल्यावर तो उसळला. माणसांतले उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपीचे : २०१० मध्ये जन्मलेल्या बाळाला तिसाव्या तासाला औषधे सुरू झाली, दीड वर्षाच्या सुमारास ती तुटली, त्यानंतर २७ महिने विषाणू सापडला नाही. जगभर ‘बाळ बरे झाले’ म्हणून मथळे झळकले. जुलै २०१४ मध्ये विषाणू परत आल्याचे जाहीर झाले. ती बातमी मात्र बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलीच नाही.

खरोखर बरे झालेले बोटांवर मोजण्याइतके आहेत. पहिले टिमोथी रे ब्राऊन. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये बर्लिनला त्यांचे अस्थिमज्जेच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण झाले आणि दात्याच्या पेशींत सीसीआर-५ हे, विषाणूला आत घेणारे दार, जन्मतःच बंद होते. हा जनुकबदल उत्तर युरोपीय वंशात आढळतो, भारतीयांत अगदी दुर्मीळ. आणि प्रत्यारोपणातच जीव जाण्याचा धोका इतका की रोज एक गोळी घेऊन धडधाकट जगणाऱ्याला कोणताही शहाणा डॉक्टर ते सुचवणार नाही. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकॅपाविर इंजेक्शनाच्या बातम्या वाचूनही बरेच जण विचारतात : ते मुख्यतः निरोगी माणसाला लागण होऊ नये म्हणून आहे, साठा त्यानेही जात नाही.

गोळ्या थांबवल्या तर? बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परततो. साठ्यातली एखादी पेशी अधूनमधून जागी होतच असते. अंदाज असा की आठवड्याला एखादी अशी जागते जिच्यापासून पेटापेट होऊ शकेल. बांध असला तर ती ठिणगी तिथेच विझते. फसगत अशी की, त्या दिवसांत माणसाला काहीच होत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही; उलट ‘गोळ्या सोडल्यावर बरेच वाटते’ असेही सांगतात. सीडी-४ चांगल्या असताना औषधाला सुट्टी द्यावी का, हे ‘स्मार्ट’ या चाचणीत तपासले गेले होते. ५,४७२ लोक, ३३ देश. सीडी-४ ३५० च्या वर गेल्या की बंद, २५० च्या खाली आल्या की चालू. २००६ मध्ये निकाल आला : सुट्टी घेणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका २.६ पट. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांना दुहेरी धोका, कारण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून धरतात. अचानक बंद केल्यास काविळीसह यकृताला जोराचा दणका बसू शकतो.

धरसोड ही पूर्ण बंद करण्याइतकीच वाईट, कारण त्यात विषाणू वाढतो तो थोड्याशा औषधाच्या देखत. त्याची लेखणी मुळात चुकार : ९,७०० च्या आसपास अक्षरांचा मजकूर उतरवताना तो वारंवार चुका करतो, आणि उपचार नसलेल्या शरीरात दिवसाला अब्जावधी विषाणू तयार होतात. त्यांतली एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. लॅमिव्हुडिन निकामी व्हायला एक बदल पुरतो. डोलुटेग्राविर त्या मानाने चिवट आहे, म्हणूनच ते आले. तरी त्याच्या जिवावर चालढकल करू नये. असा बदललेला विषाणूही त्याच साठ्यात जाऊन बसतो आणि तिथून तो पुसता येत नाही.

आता कोकणातल्या अडचणी, कारण गोळी इथे चुकते ती ठरावीक जागी.

१ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की खलाशी आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात. जाळे ओढण्याची वेळ रोज वेगळी, झोपेची वेळ वेगळी. गोळी घड्याळाला न बांधता दिवसाच्या पहिल्या चहाला बांधावी. दोन-तीन तास पुढे-मागे झाले तर बिघडत नाही. राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर राहिलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. फेरी लांबेल हे धरून किमान पंधरवड्याच्या गोळ्या जास्तीच्या न्याव्यात. डब्यावरचे नाव कोणी वाचू नये म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून नेतात. खाऱ्या दमट हवेत हा प्रकार वाईट. फिरकीच्या घट्ट झाकणाची दुसरी छोटी डबी घ्यावी, मूळ डब्यातली ओल शोषणारी पुडी तिच्यात टाकावी आणि ती इंजिनापासून, बर्फापासून लांब ठेवावी. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे. हंगामाआधी जुलैतच ती मागावी.

आणि दारू. किनाऱ्यावर आल्यावर ‘आज घेतली आहे, गोळी नको, रिअ‍ॅक्शन येईल’ हा समज इतका घट्ट आहे की स्पष्ट लिहिणे भाग आहे : दारू प्यायल्याने त्या दिवशीची गोळी वर्ज्य होत नाही. दारूचे नुकसान आहेच, ते वेगळे, गोळी घ्यावीच. उपासाचेही तेच. टीएलडी उपाशीपोटी चालते. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार यांसाठी ती पुढे ढकलण्याचे कारण नाही.

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतो तेव्हा डबा मुंबईच्या खोलीत राहतो, कारण गावच्या भरल्या घरात तो काढायचा कुठे? केंद्रातून मिळालेले हिरवे पुस्तक सोबत असेल, तर जवळच्या दुसऱ्या एआरटी केंद्रातूनही तात्पुरत्या गोळ्या मिळतात. आंब्याच्या बागांत आणि नौकांवर काम करणाऱ्या नेपाळ-कर्नाटकातल्या मंडळींनीही पाऊस लागण्याआधी, गावी परतताना, पुस्तक नेणे किंवा बदली मागणे एवढे केले तर खंड पडत नाही.

दुसऱ्या औषधांशी गाठ पडते तेव्हा गडबड होते. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध डोलुटेग्राविरला पोटातच धरून ठेवते. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना हाच नियम. मात्र जेवणासोबत घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या हमखास मिळतात, त्यामुळे तिला हे सांगितलेच पाहिजे. लोहभस्म, मंडूर, शंखभस्म यांतही तीच द्रव्ये असतात. तेवढेच अंतर ठेवणे बरे. क्षयावर रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोलुटेग्राविर ५० ची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमवर जाऊ देऊ नये. फिटवर फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्याने केंद्रात न सांगणे म्हणजे अर्धीच गोळी घेणे.

व्हायरल लोड उपचाराच्या सहाव्या महिन्यात, बाराव्यात आणि मग वर्षाला एकदा होतो. एखाद्या वेळी ६० किंवा १५० असा आकडा येतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा काही सापडत नाही. अशी एखादी उचकी म्हणजे उपचार फसणे नव्हे. १,००० किंवा त्याहून वर गेला, तर प्रथम गोळ्या कुठे चुकतात ते शोधतात, तीन महिने नीट घ्यायला लावून पुन्हा तपासतात आणि तरीही वरच राहिला तरच औषधे बदलण्याचा विचार होतो. डबा केंद्रात नेऊन उरलेल्या गोळ्या मोजू देण्यात लाज नसावी. तीस दिवसांत दोन उरल्या, तर प्रमाण ९३ टक्क्यांवर आले, ९५ हवे.

इतका पाढा वाचल्यावर ‘विषाणू आतच असतो’ याचा अर्थ ‘माणूस धोकादायक असतो’ असा काढला जाईल, ही आमची खरी काळजी. साठा निजलेल्या पेशींत आहे. लोड २०० च्या खाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशी ८८८ जोडपी होती, निरोधाविना सुमारे ५८,००० संबंध, आणि उपचारावरच्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. एका ताटात जेवल्याने, एका नौकेवर झोपल्याने ती उपचाराविनाही होत नव्हती. नोकरीवरून काढणे किंवा संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करणे यावर २०१७ चा कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

आपल्याकडे मागणे दोनच. बातमीत ‘एचआयव्ही निगेटिव्ह झाला’ याऐवजी ‘व्हायरल लोड सापडत नाही’ असे छापावे. आणि ‘एड्स मुळापासून बरा’ अशा वनौषधींच्या जाहिराती घेऊ नयेत. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर रामबाण उपाय असल्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, त्या यादीत एड्सचे नाव पहिले आहे. शंका असणाऱ्यांसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नाव सांगावे लागत नाही.

आपले,
एआरटी समुपदेशक, औषधनिर्माते व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचा एक गट
रत्नागिरी व सिंधुदुर्ग